सरसाच्या जाळ्यांतील सूक्ष्म सृष्टि

खरवस घरीं होतांना ज्यानें पाहिला आहे, त्याला प्रथिनाचा जेल म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. नुकत्याच व्यालेल्या गाईचें पातळ चिकाचें दूध वाफेवर ठेवलें कीं कांहीं वेळानें त्याच्या वड्या पाडतां येतात. पाणी कोठें गेलेलें नसतें. जितकें होतें जवळजवळ तितकेंच तें भांड्यांत असतें, पण आतां तें वाहत नाहीं. दुधांतील प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उष्णतेनें उलगडतात, एकमेकींत गुंततात, आणि त्यांच्या जाळ्यांत पाणी जागच्या जागीं अडकून पडतें. दहीं, उकडलेलें अंडें, सुताराच्या भांड्यांत निवून थिजलेला सरस हीं सारीं याच कुळांतलीं. या जाळ्याचीं छिद्रें डोळ्यांना दिसत नाहींत. तीं मीटरच्या अब्जांशानें, म्हणजे ज्याला नॅनोमीटर म्हणतात त्या मापानें मोजावीं लागतात. अशा जाळ्यांत एखादा धातु किंवा क्षार वाढूं दिला, तर त्याचा कण केवढा होईल, कोणता आकार घेईल आणि शेजारच्या कणापासून किती अंतरावर राहील, हें पुष्कळ अंशीं जाळेंच ठरवितें. प्रथिनाच्या जेलचा साचा करून अतिसूक्ष्म घडणीचे पदार्थ बनविण्याची जी विद्या गेल्या तीसचाळीस वर्षांत प्रयोगशाळांतून भरभराटीस आली, तिचें बीज एवढेंच आहे.

ही विद्या अगदीं नवी, विसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मास आलेली, असें तिच्याविषयीं लिहिणारे बहुधा लिहितात. आमचें म्हणणें असें कीं नवें आहे तें नांव. काम जुनें आहे. तें करणारे लोक छायाचित्रकार होते, सरस उकळणारे होते, कारखान्यांत बसून अंडीं फोडणारे मजूर होते. त्यांच्या हातच्या वस्तु इंदूर, ग्वाल्हेर, बडोदें, हैदराबाद येथील जुन्या घरांतून पेट्यांत आणि भिंतींवर आजहि सांपडतात. त्या हळूहळू नष्ट होत आहेत. आणि त्या मुळांत आहेत काय हेंच घरच्यांना ठाऊक नसल्यामुळें जितक्या लवकर नष्ट होण्याचें कारण नाहीं तितक्या लवकर होत आहेत. म्हणून हा इतिहास येथें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १८६१ सालीं द्रवांतील पदार्थांच्या पसरण्यासंबंधीं एक निबंध प्रसिद्ध केला. मीठ किंवा साखर पाण्यांत विरघळविली तर ती चर्मपत्राच्या पडद्यांतून सहज पलीकडे जाते; सरस, डिंक, अंड्यांतील पांढरा भाग हे पदार्थ अलीकडेच अडून राहतात. पहिल्या वर्गाला त्यानें स्फटिकसदृश म्हटलें, आणि दुसऱ्याला सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘कोलॉइड’ असें नांव दिलें. मराठींत आपण त्यांना कलिल म्हणतों. एका संबंध शास्त्राचें बारसें झालें तें असें सरसाच्या भांड्यावरून! थिजलेल्या रूपाला ‘जेल’ म्हणण्याची रीतहि ग्रॅहमपासूनचीच. योगायोग असा कीं त्या काळीं ग्रॅहम लंडनच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता. सोन्यारुप्याचीं नाणीं पाडणाऱ्या खात्याच्या मुख्यानें सरसाचें शास्त्र उभें करावें, आणि पुढें शतकभर सरसानें सोन्यारुप्याचे कण सांभाळण्याचें काम करावें, हा योग मोठा मौजेचा आहे. ग्रॅहमचें आणखी एक निरीक्षण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कलिल पदार्थ कधींच पुरता स्थिर नसतो, तो कळत नकळत बदलतच असतो, असें तो म्हणे. त्याचा प्रत्यय पुढें येईल.

सोन्याची गोष्ट ग्रॅहमच्याहि चार वर्षें आधींची. मायकेल फॅरेडेनें १८५७ सालीं सोन्याच्या क्षारापासून माणकासारखा लाल द्रव करून दाखविला, आणि हा रंग दुसऱ्या कशाचा नसून डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या बारीक कणांचाच आहे असें प्रतिपादन केलें. त्यांत चिमूटभर मीठ पडलें कीं कण एकमेकांना चिकटतात आणि द्रव निळा पडतो. धातु तोच, पण कणाचें माप बदललें कीं रंग बदलतो. हे कण चिकटूं नयेत म्हणून काय करावें याचें पद्धतशीर उत्तर १९०१ सालीं रिचर्ड झिग्मोंडी यानें दिलें. निरनिराळ्या पदार्थांची सोन्याला वांचविण्याची शक्ति त्यानें मोजून काढली. तींत जिलेटिनचा, म्हणजे शुद्ध केलेल्या सरसाचा, क्रम फार वरचा लागला. झिग्मोंडीला पुढें १९२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु शास्त्रज्ञ हें मोजूं लागण्याच्या कितीतरी आधीं छायाचित्रकार तें रोज करीत होते. फ्रान्समधील लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार यानें १८५० सालीं अंड्याच्या पांढऱ्या भागाचा कागद प्रचारांत आणला. अंड्यांतील पांढरा भाग मीठ घालून फेसावयाचा, निवूं द्यावयाचा, त्यावर कागद तरंगत सोडून त्याच्या एका अंगाला पातळ थर चढवावयाचा, आणि वाळल्यावर तेंच अंग रौप्य नायट्रेटच्या द्रवावर टेकवावयाचें. रौप्य नायट्रेटनें दोन कामें एकदम होतात. प्रथिन गोठून पक्कें होतें, पाण्यांत पुन्हां विरघळत नाहीं; आणि मिठाशीं संयोग होऊन त्या थराच्या आंत प्रकाशाला संवेदनशील असा रौप्य क्षार तयार होतो. मग कांचेवरील उलटें चित्र त्यावर ठेवून उन्हांत धरावयाचें. जेथें ऊन पोंचतें तेथें क्षारांतून चांदी सुटी होते. पण ती प्रथिनाच्या थरांत कोंडलेली असल्यामुळें तिचे मोठे गोळे होत नाहींत, कांहीं दशांश नॅनोमीटर नव्हे, तर कांहीं दशक नॅनोमीटर मापाचे कण होऊन जेथल्या तेथें राहतात. त्या काळच्या चित्रांचा ऊबदार तपकिरी वर्ण हा कोणत्याहि रंगद्रव्याचा नाहीं; तो या कणांच्या मापाचा आहे. फॅरेडेच्या सोन्याला जो न्याय तोच या चांदीला. वर सोन्याच्या क्षाराचा पातळ हात दिला कीं तपकिरीला जांभळट झांक येई आणि चित्र टिकेहि अधिक. या कागदाचा खप एवढा वाढला कीं १८८८ च्या सुमारास जर्मनींतील ड्रेस्डेन येथील एका कारखान्यांत दररोज साठ हजार अंडीं फोडलीं जात. पिवळ्या बलकाचें पुढें काय होत असे याची चौकशी जिज्ञासूंनीं अवश्य करावी. कातडीं कमावणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होता.

आमच्या वाचकांपैकीं जे इंदूरचे किंवा हैदराबादचे आहेत त्यांना येथें लाला दीनदयाळांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. १८४४ सालीं मेरठजवळील सरधना येथें जन्मलेले आणि रुडकीच्या थॉमसन कॉलेजांत शिकलेले दीनदयाळ १८६६ सालीं इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यांत नकाशे काढण्याच्या कामावर आले. छायाचित्रणाचा नाद त्यांना तेथेंच, १८७४ च्या सुमारास लागला. मध्य हिंदुस्थानांतील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डॅली यांनीं त्यांस उत्तेजन दिलें. पुढें ते हैदराबादेस निजाम महबूब अली खान यांच्या पदरीं गेले, सिकंदराबादेस आणि १८९६ सालीं मुंबईस त्यांनीं चित्रशाळा काढल्या, आणि १९०५ सालीं ते निवर्तले. किल्ले, दरबार, शिकारी, राजवाड्यांतील भोजनाचीं मेजें, मंदिरांचीं शिखरें, सारें त्यांच्या चित्रांत आहे. इतिहासाचा अभ्यासक या चित्रांत काय दिसतें तें पाहतो, आणि तें योग्यच आहे. पण ज्या थरांत तें दिसतें तो थर म्हणजे काय, तर प्रथिनाच्या साच्यांत वाढलेली रुप्याची सूक्ष्म सृष्टि. एखाद्या अल्बमच्या एका पानावर असे जितके कण आहेत तितके मोजण्यास मानवी आयुष्य पुरावयाचें नाहीं.

अंड्याच्या थरानंतर सरसाची पाळी आली. कांचेच्या प्लेटवर त्या वेळीं कोलोडियन वापरीत. तें ईथरमध्यें विरघळविलेलें असे, आणि ओलें असतांनाच चित्र घ्यावें लागे. इंग्लंडमधील रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टराची प्रकृति ईथरच्या वाफेनें बिघडूं लागली, म्हणून तो दुसरें माध्यम धुंडाळूं लागला. ८ सप्टेंबर १८७१ रोजीं त्यानें जिलेटिनमध्यें रौप्य ब्रोमाइड घालून केलेल्या कोरड्या प्लेटची कृति एका छायाचित्रणविषयक नियतकालिकांत छापली. त्याच्या स्वतःच्या प्लेटा फारशा तरतरीत नव्हत्या. चार्ल्स बेनेट यानें १८७८ सालीं हें मिश्रण सुमारें ३२ अंश सेल्सिअस उष्णतेवर कांहीं दिवस तसेंच ठेवून पाहिलें, आणि त्याची संवेदनशीलता एकदम कितीतरी पटींनीं वाढली. सेकंदाच्या अंशांत चित्र निघूं लागलें. याचें कारण जेलच्या जाळ्यांत आहे. बारीक स्फटिक विरघळतात आणि त्यांचा क्षार मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतो. मात्र जिलेटिनच्या साखळ्या प्रत्येक स्फटिकाच्या अंगाला बिलगून राहिल्यामुळें ते एकमेकांत मिसळून गठ्ठे होत नाहींत. मुरंब्याला जसें मुरूं द्यावें लागतें तसें या मिश्रणालाहि मुरवावें लागे, आणि कारागीर तें मुरलें कीं नाहीं हें अनुभवानेंच ओळखीत.

सरस कोठला, हा प्रश्न लवकरच जिव्हाळ्याचा झाला. १८८२ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन याच्या प्लेटा एकाएकीं बिघडूं लागल्या. शोध करतां करतां दोष जिलेटिनचा ठरला; पुरवठादाराकडून आलेला माल निराळा होता. एका जिलेटिननें प्लेट चपळ होते आणि दुसऱ्यानें मंद, हें सर्वांना दिसत होतें, पण कां तें कोणास उमगत नव्हतें. ईस्टमनच्याच कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंत सॅम्युएल शेपर्ड यानें १९२५ सालीं त्याचा उलगडा केला. ज्या जनावरांच्या कातड्याहाडांपासून जिलेटिन काढलें त्यांनीं मोहरीच्या जातीचा पाला खाल्लेला असेल, तर मोहरीच्या तिखट तेलांतील गंधकाचा लवलेश जिलेटिनमध्यें उतरतो, आणि तो रौप्य ब्रोमाइडच्या स्फटिकावर रौप्य सल्फाइडचे अतिसूक्ष्म ठिपके उठवितो. प्रकाशाची खूण प्रथम उमटते ती या ठिपक्यांपाशीं. गाईंना मोहरी आवडली नसती तर चित्रपट झालेच नसते, असा विनोद मग कंपनींत रूढ झाला. विनोद असला तरी तो अर्ध्याहून अधिक खरा आहे. बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला तोहि जिलेटिनच्या थरावरच.

आमच्या देशांत या सरसाला एक निराळीच अडचण होती. जिलेटिनचा जेल तीसपस्तीस अंशांवर वितळूं लागतो, आणि येथील उन्हाळ्यांत नळाचें पाणीच तितकें गरम असतें. प्लेट धुतांना थर कडेनें सुटून झालरीसारखा चुरगळे. म्हणून येथले छायाचित्रकार तुरटीच्या पाण्यांत प्लेट बुडवून थर घट्ट करीत, आणि बर्फ मिळे तेथें बर्फ वापरीत. जिलेटिन असें वितळतें आणि थिजतें कां, याचा पाया मद्रासेंत घातला गेला हें सांगतांना आनंद होतो. कातडें, स्नायुबंध व हाडें यांत कोलॅजन हें प्रथिन असतें. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोंवतीं वेणीसारख्या वळलेल्या असतात, ही रचना गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन् व गोपीनाथ कर्ता यांनीं १९५४–५५ सालीं मांडली. कोलॅजन उकळलें कीं ही वेणी सुटते, तेंच जिलेटिन. आणि निवूं लागलें कीं सुटलेल्या साखळ्या जागोजागीं पुन्हां वेणी घालूं पाहतात, त्या गांठींनीं जाळें विणलें जातें.

या सर्व काळांत सर्वांत अद्भुत प्रयोग कोणता, असें कोणीं विचारलें तर आम्ही गाब्रिएल लिपमन याचा सांगूं. सोरबॉन विद्यापीठांतील या पदार्थवैज्ञानिकानें २ फेब्रुवारी १८९१ रोजीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें रंगीत छायाचित्र मांडलें, आणि त्यांत रंगाचा लवलेशहि नव्हता. त्यानें रौप्य क्षाराचे कण इतके बारीक ठेविले कीं थर कांचेसारखा पारदर्शक दिसावा. थराच्या पाठीशीं पाऱ्याचा आरसा ठेवला. आंत जाणाऱ्या आणि आरशावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींवर आपटून थराच्या जाडींत स्थिर लहरी उभ्या राहिल्या, आणि जेथें जेथें त्यांचा जोर अधिक तेथें तेथें चांदी सुटी झाली. अशा रीतीनें जिलेटिनमध्यें चांदीचे एकावर एक पडदे तयार झाले. तांबड्या प्रकाशासाठीं दोन पडद्यांतील अंतर सुमारें २१५ नॅनोमीटर, निळ्यासाठीं सुमारें १५०. त्यावर साधा पांढरा प्रकाश टाकला कीं प्रत्येक भाग ज्या रंगानें घडला तोच रंग परत पाठवितो. चित्र घेण्यास मिनिटांगणिक वेळ लागे, प्रती काढतां येत नसत, म्हणून ही रीत बाजारांत टिकली नाहीं. १९०८ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल मात्र लिपमनला तिच्याबद्दलच मिळालें. प्रथिनाच्या जेलमध्यें ठरीव अंतराची सूक्ष्म रचना मुद्दाम घडविल्याचें याहून स्पष्ट उदाहरण एकोणिसाव्या शतकांत दुसरें नाहीं, आणि आजच्या ग्रंथकारांनीं आपल्या विद्येचा आरंभ सांगतांना त्याला वगळावें याचें आम्हांस नवल वाटतें.

मनुष्यानें हें करण्यापूर्वीं शिंपल्यांतील जीव तेंच करीत होता. मोत्याच्या शिंपल्याचें आंतलें चकचकीत अस्तर चार्ल्स हॅचेट यानें १७९९ सालीं आम्लांत टाकून पाहिलें. चुना विरघळला, आणि मागें पातळ पापुद्र्यांची चवड राहिली. म्हणजे दगडासारख्या कठीण वस्तूच्या आंत मऊ सांगाडा होता. डेव्हिड ब्रूस्टर यानें १८१४ सालीं अस्तरावर मेण दाबून पाहिलें तों मेणावरहि तेच रंग उमटले. रंग द्रव्याचा नसून पृष्ठावरील बारीक रेघांचा असावा असा तर्क निघाला. तो अर्धा खरा होता. अस्तराच्या आंतील थरांमुळें येणारा रंग आणि पृष्ठावरच्या रेघांचा रंग हे दोन निरनिराळे, त्यांचा परस्परसंबंध काय, हें उकललें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं. १९३४ व १९३५ सालीं इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कार्यवृत्तांत त्यांनीं रंग पालटणाऱ्या शिंपल्यांवर निबंधांची मालिकाच लिहिली. लिपमनच्या प्लेटेंत चांदीचे पडदे जें करतात तेंच शिंपल्यांत चुन्याचे थर करतात.

चुना असा थर धरून कां बसतो, हें प्रयोगानें पाहण्याची उत्कंठा एकोणिसाव्या शतकांतच दोघांतिघांना झाली. लंडनच्या जॉर्ज रेनी यानें १८५८ सालीं डिंकाच्या दाट द्रवांत चुन्याचे गोल कण वाढवून दाखविले. युट्रेख्टचा पीटर हार्टिंग यानें १८७२ सालीं अंड्याचा पांढरा भाग आणि सरस घेऊन तसेच गोळे केले. नुसत्या पाण्यांत कोनदार, टोकदार स्फटिक. प्रथिनांत मात्र वाटोळे, शंखशिंपल्यांतल्यासारखे. १८९६ सालीं राफाएल लीसेगांग यानें बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर रौप्य नायट्रेटचा थेंब टाकला आणि एकाभोंवतीं एक अशीं वर्तुळें उमटलेलीं पाहिलीं. झाडाच्या खोडांतील वळ्यांप्रमाणें क्षार जेलमध्यें आपण होऊन अंतर राखून बसतो! अलाहाबादेस नीलरत्न धर यांनीं या वलयांवर १९२० नंतरच्या वर्षांत पुष्कळ काम केलें. हीं वलयें मिलिमीटरच्या मापाचीं, म्हणून त्यांकडे फार काळ खेळणें म्हणूनच पाहिलें गेलें.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि शिंपल्याचा सांगाडा डोळ्यांना दिसूं लागला. बेल्जममधील लीएज येथें शार्ल ग्रेग्वार व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५५ सालीं मोत्याच्या अस्तरांतील प्रथिनांच्या झिरझिरीत पडद्यांचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. अस्तरांतील चुन्याच्या चकत्या सुमारें ५०० नॅनोमीटर जाड, आणि दोन चकत्यांमधील पडदा वीस ते चाळीस नॅनोमीटर. विटा व चुनेगच्चीची भिंत जशी. वजनानें शेंकडा पंचाण्णव भाग चुना असूनहि ही भिंत नुसत्या चुन्याच्या स्फटिकाहून कितीतरी पटींनीं चिवट असते. स्टीफन वायनर व लीरॉय हूड यांनीं १९७५ सालीं असा तर्क मांडला कीं या प्रथिनांतील आम्लगुणी घटक ठराविक अंतरानें बसलेले असल्यामुळें त्यांवर कॅल्शियमचे अणु रांगेनें लागतात, आणि पडदा हा स्फटिकाचा साचाच असतो. ‘साचा’ हा शब्द या शास्त्रांत रुळला तो अशा लेखांतून. १९९६ सालीं इस्राएलच्या वाइझमन संस्थेंत फालिनी, अल्बेक, वायनर व लिया अद्दादी यांनीं काइटिन, रेशमाचें प्रथिन आणि शिंपल्यांतून काढलेलीं विद्राव्य प्रथिनें हीं तीन एकत्र आणून बाहेरच चुना वाढविला. प्रथिनें ज्या प्रकारच्या थरांतलीं असत त्या प्रकारचाच स्फटिक मिळे: ॲरागोनाइटच्या थरांतलीं असलीं तर ॲरागोनाइट, कॅल्साइटच्या थरांतलीं असलीं तर कॅल्साइट.

येथवर साच्याची कल्पना निर्वेध चालली होती. पण पूर्वींचीं सगळीं चित्रें वाळविलेल्या शिंपल्याचीं होतीं, आणि वाळलेला जेल म्हणजे वाळलेला खरवसच. त्यावरून ओल्याची कल्पना कशी यावी? २००१ सालीं याच संस्थेंतील येल लेव्ही-कालिस्मन व सहकाऱ्यांनीं सांगाडा ओला असतांनाच झटकन गोठवून पाहिला. तेव्हां दिसलें कीं पडदे आहेत ते काइटिनचे. रेशमाच्या प्रथिनाचे रांगेनें घातलेले थर कोठेंच नाहींत. त्यांनीं अनुमान काढलें कीं तें प्रथिन पाणी धरून थिजलेल्या जेलच्या रूपानें दोन पडद्यांमधील पोकळी भरून असतें. चुना येतो तो या जेलमध्यें, प्रथम घाट नसलेल्या रूपांत, आणि वाढतां वाढतां तो जेललाच बाजूला सारतो.

आमच्या मतें या एका निरीक्षणानें सबंध विषयाचें रूप पालटलें. साचा म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मोदकाचा साचा येतो: कठीण, पोकळ, आंत भरलें तसें बाहेर येणारें. प्रथिनाचा जेल तसा नाहीं. त्याची तुलना करावयाची तर गोव्यांतील खाजन शेतीशीं करावी. तेथें बांध असतात, मानस असतो, खाडीचें पाणी किती व केव्हां आंत यावयाचें हें तेथें ठरतें. पण भाताचें रोप कोणी बांधानें घडवीत नाहीं. जेल क्षाराला हळूहळू येऊं देतो, गर्दी होऊं देत नाहीं, आरंभ कोठें व्हावा हें सुचवितो, आणि काम होत आलें कीं वाट देतो. मॅडॉक्स आणि बेनेट यांच्या हातीं जिलेटिननें हेंच केलें होतें. त्यांना तें सांगतां आलें नाहीं एवढेंच.

गोव्याचें नांव निघालेंच आहे, तर तेथील जुन्या चर्चांच्या आणि घरांच्या खिडक्यांकडे वळूं. त्यांना कांच नसे. चिखलट तळाच्या खाड्यांत राहणाऱ्या एका चपट्या शिंपल्याचे कापून चौकोनी केलेले तुकडे लांकडी चौकटींत बसवीत. शास्त्रांत त्याला प्लाकुना प्लासेंटा म्हणतात. दृश्य प्रकाशापैकीं शेंकडा ऐशींच्या आसपास प्रकाश या कवचांतून आरपार जातो, आणि तरीहि टोंचलें असतां तें सहसा तडकून दुभंगत नाहीं. लिंग ली व क्रिस्टीन ऑर्टिझ यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत २०१४ सालीं त्याचें कारण शोधलें. वजनाचे शेंकडा ९९ भाग कॅल्साइट आणि एकच भाग सेंद्रिय द्रव्य; पण आघात होतांच कॅल्साइटच्या चिंचोळ्या पट्ट्यांत नॅनोमीटरच्या मापाचे जुळे स्फटिक उठतात आणि आघाताची शक्ति तेथल्या तेथें जिरते. चिलखतासाठीं पारदर्शक पदार्थ शोधणाऱ्यांना हा धडा मोलाचा वाटला. इकडे त्या खिडक्या काढून सरकत्या कांचा बसविल्या जात आहेत. कांच स्वच्छ दिसते हें आम्हांस मान्य आहे. पण दुपारच्या उन्हांतला तो दुधाळ उजेड तिच्यांतून येत नाहीं.

प्रयोगशाळांतील अलीकडची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. जेलमधलें पाणी काढून घेऊन जाळें तसेंच उभें ठेवण्याची युक्ति सॅम्युएल किसलर यानें १९३१ सालीं साधली. त्यानें वाळूच्या द्रव्याचे वायुजेल केले तसेच जिलेटिनचे व अंड्याच्या प्रथिनाचेहि केले. सुझान बुश व रूडिगर क्नीप यांनीं १९९६ सालीं जिलेटिनमध्यें फ्लोरअपेटाइट वाढविलें. षट्कोनी कांडी, मग डंबेल, मग गोल असा त्याचा क्रम पाहून हाडादांतांची घडण समजण्यास वाट मिळाली. चीनमधील हफई येथें शू-हाँग यू व सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं आधीं सांगाडा, मग त्यांत चुना, मग रेशमाचें प्रथिन अशा क्रमानें कृत्रिम मोतिया अस्तर बनविलें. आणि झुरिकच्या तंत्रशास्त्र संस्थेंत राफाएले मेझेंगा यांच्या गटानें २०१५ सालीं दुधाच्या निवळींतील प्रथिन आम्लांत तापवून त्याचे नॅनोमीटर जाडीचे तंतु केले, त्यांवर सोन्याच्या क्षारापासून सोनें बसविलें, आणि जें निघालें तें वीस कॅरटचें सोनें कॉफीच्या फेंसावर तरंगूं लागलें. कण बारीक ठेवले कीं हें सोनें पिवळें न दिसतां गडद तांबडें दिसतें. फॅरेडेला तें लगेच ओळखूं आलें असतें. त्याच गटानें पुढें अशाच तंतूंच्या स्पंजानें वीस जुन्या संगणकांच्या मुख्य पट्टांतून सोनें शोषून घेतलें, आणि ४५० मिलिग्रॅमची गोळी मिळविली. ही हकीकत २०२४ सालीं सर्वत्र छापून आली. पनीर करतांना जें पाणी आपण मोरींत ओततों त्यांतलेंच हें प्रथिन.

दीनदयाळांच्या कांचेवरील २,८५७ प्लेटा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें १९८९ सालीं घेतल्या, म्हणून त्या वांचल्या. घरोघरींच्या चित्रांना असा त्राता नाहीं. कोंकणपट्टींतील पावसाळ्याची हवा जिलेटिनला फुगविते. फुगलेला थर चौकटीच्या कांचेला चिकटतो, आणि त्यावर बुरशी धरते, कारण बुरशीला तो सरस म्हणजे आयतें अन्न. ओल्या फडक्यानें पुसलें तर थरच निघून येतो. अंड्याच्या कागदाचें तसें नाहीं. तो पिवळा पडतो, बारीक भेगाळतो. चित्र कांचेला टेकूं न देतां मध्यें जाड कागदाची चौकट ठेवावी, हवा खेळती व कोरडी असावी, आणि चिकटलेलें चित्र सोडविण्याचा यत्न घरीं करूं नये, एवढें तरी प्रत्येकास करतां येईल.

आजोबांच्या अशा एखाद्या जुन्या जिलेटिनच्या छायाचित्राच्या गडद कडेला पुष्कळदां निळसर, आरशासारखी चकाकी दिसते. ती धूळ नव्हे, डागहि नव्हे, आणि ती घांसून काढूं नये. दमट हवेंत चित्रांतील चांदीचा थोडा अंश गंजून विद्युद्भारित होतो, जिलेटिनच्या जाळ्यांतून हळूहळू वर येतो, आणि पृष्ठभागाशीं पोंचून पुन्हां चांदीचे नॅनोमीटर मापाचे कण होऊन बसतो. प्लेट धुऊन, वाळवून, चौकटींत घालून शंभर वर्षें झालीं, तरी जाळें आपलें काम करीतच आहे.